नसीर आताराचा हात

पौडच्या बाजारपेठेत हाफीज आताराचं दुकान म्हणजे एक लाकडी कपाट आणि त्याच्यापुढं अंथरलेली सतरंजी. कुंकू, काजळ, सुया, दोरे, फण्या, आरसे आणि वरच्या फळीवर अत्तराच्या लहान कुप्या. बाजाराचा दिवस सोडला तर गिऱ्हाईक आपल्या पायांनी येत नसे. त्याला गाठायला जावं लागे. हाफीजचाचा पेटी डोक्यावर घेऊन वाड्यावस्त्या हिंडत, आणि त्यांचा एकुलता एक मुलगा नसीर मागून पिशवी घेऊन चाले. मुळशीच्या धरणावर कामगारांची वसाहत होती, तिला सगळे कॅम्प म्हणत. तिथल्या बायका अत्तर आणि काजळ घेत, म्हणून कॅम्पची फेरी चुकत नसे. तिथंच नसीरनं क्रिकेट पाहिलं आणि त्या दिवसापासून त्याचं पिशवीवरचं लक्ष उडालं.

पोरगा उंच वाढला. हात गुडघ्यापर्यंत पोचतील असे लांब, खांदा सैल, आणि मनगटात काय होतं ते त्याचं त्यालाही सांगता येत नसे. एकोणीसशे पंचावन्नच्या सुमारास पौडच्या पोरांनी नदीकाठच्या माळावर खेळायला सुरुवात केली, तेव्हा नसीरचा चेंडू अडवायला कुणी उभं राहीना. फळकुटाच्या ब्याटीवर चेंडू बसला की ब्याट हातातून निसटायची. मागं उभा राहणारा तर बोटं फुंकत घरी जायचा.

मामलेदार कचेरीत हैबतराव नावाचे कारकून होते. साताऱ्याकडचे, शाळेत असताना खेळलेले. त्यांनी या पोरांचा संघ बांधला. कचेरीत, शाळेत, दुकानांत फिरून वर्गणी जमवली, पुण्याहून काथ्याची मॅट आणली, खरा चेंडू आणला. सगळं जमलं, पण नसीरच्या चेंडूला दांड्यांमागं उभा राहील असा कीपर काही मिळेना.

तो मिळाला बाजाराच्या दिवशी. पौडच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे. तिथली कोंडाबाई शिकेकाई, हिरडा आणि मोसमात आंबे घेऊन खाली यायची. शिकेकाई हाफीजचाचांच्या दुकानात उतरायची. तिच्याबरोबर तिचा मुलगा चिंधू यायचा, नसीरच्याच वयाचा, बुटका आणि रुंद. आईचा माल विकला जाईपर्यंत तो माळावर येऊन बांधावर बसे. त्या दिवशी नसीरचा एक चेंडू सगळ्यांना चुकवून बांधाकडं गेला. चिंधूनं बसल्या जागी दोन्ही हात पुढं केले आणि चेंडू त्याच्या ओंजळीत आवाज न करता जाऊन बसला.

हैबतराव त्याच्यापाशी गेले. "हाताला लागलं नाही का रे?"

"न्हाई."

"कुठं शिकलास?"

चिंधूला प्रश्नच कळला नाही. मग म्हणाला, "आय झाडावर चढती, वरनं आंबं टाकती. मी खाली झेलतो. दनका बसला तर डाग पडतो. मग बाजारात कोन घेतंय?"

त्या दिवसापासून चिंधू दांड्यांच्या मागं उभा राहिला.

गोलंदाजी हातानं करतात असं लोकांना वाटतं. नसीरला ते खरं वाटत नसे. हात सगळ्यांनाच असतात. खरी गोष्ट डोक्यात घडते, आणि ती म्हणजे डोकं रिकामं करणं. पळत येताना मनात काही आलं, समोरच्यानं मागचा चेंडू कसा टोलावला ते आलं, बघणारे काय म्हणतील ते आलं, की चेंडू कुठंही जायचा. मनात काही नसलं की तो जायचा तिथंच जायचा. पण मन रिकामं हो म्हटल्यानं होत नाही. ते चिंधू करायचा.

नसीर धाव घ्यायला उभा राहिला की चिंधू हातमोजे एकमेकांवर आपटायचा आणि एकच शब्द बोलायचा, "आन." दुकानदारानं गड्याला पोतं आणायला सांगावं इतक्या साधेपणानं. त्या शब्दासरशी नसीरला समोरचा खेळाडू दिसेनासा व्हायचा. मॅट दिसायची, तिच्या टोकाला दोन हातमोजे दिसायचे, आणि त्यांच्यात चेंडू नेऊन ठेवायचा एवढंच काम उरायचं.

कधी कुणी लागोपाठ चौके मारले की नसीरचा राग अनावर व्हायचा. मग तो जोर लावायचा, आणि जोर लावला की बिघडायचं. चिंधूला ते त्याच्या कानांवरून कळे. कान लाल झाले की चेंडू फेकून न देता तो स्वतः चालत यायचा, अगदी रमतगमत, आणि चेंडू हातात देताना भलतंच काहीतरी बोलायचा.

"काल आयनं कालवनात मीठच घातलं न्हाई."

"मग?"

"मग काय. खाल्लं तसंच. तिला सांगितलं तर म्हनती, घातलंय. आता भांडायचं कुनी?"

नसीरला हसू यायचं. चिंधू तसाच रमतगमत परत जायचा, मोजे आपटायचा, म्हणायचा, "आन." आणि पुढच्या चेंडूला दांडी उडालेली असायची.

असे तीन हंगाम गेले. पौडचा संघ भूगावला जिंकला, पिरंगुटला जिंकला, आणि ज्या कॅम्पवर नसीर पिशवी घेऊन जायचा तिथल्या साहेबलोकांनाही एकदा हरवून आला. हैबतरावांच्या ओळखीचे एक गृहस्थ खडकीच्या एका कारखान्यात होते. कारखान्याचा क्रिकेटचा संघ होता आणि चांगल्या खेळाडूला तिथं नोकरी मिळे. हैबतरावांनी शब्द टाकला. होळीनंतर पोराला घेऊन या, दोन-चार दिवस बघू, असा निरोप आला. नसीरच्या आईनं, बद्रुन्निसानं, ही बातमी सगळ्या पेठेला सांगितली. नसीरनं चिंधूला सांगितली तेव्हा चिंधू म्हणाला, "मग माझं काय? तितं कीपर असंल की त्येंचा." नसीर म्हणाला, "तुलाबी नेतो. मी म्हनतो त्यास्नी, ह्यो असंल तरच मी टाकीन." दोघांनाही हे खरं होणार असं वाटलं.

अठ्ठावन्न सालच्या जानेवारीत कॅम्पचा संघ पौडला खेळायला आला. माळावर सगळं गाव जमलं होतं. कॅम्पचा एक उंच खेळाडू शहाणा होता. नसीरचा चेंडू हवेत वळायच्या आधीच गाठावा म्हणून तो रेषेच्या चांगला बाहेर उभा राहायला लागला. त्याचं सगळं जमत होतं.

चिंधू मधेच चालत आला. चेंडू देताना म्हणाला, "ह्यो लई भायेर उबा ऱ्हातोय. मी दांड्यांला चिकटून उबा ऱ्हाऊ का? चुकला की उडवतो."

एवढ्या वेगाच्या चेंडूला कुणी कीपर दांड्यांजवळ उभा राहत नाही. नसीरला ते माहीत होतं. पण चिंधूच्या हातांवर त्याचा स्वतःच्या हातांपेक्षा जास्त भरवसा होता.

"ऱ्हा," तो म्हणाला.

चिंधू दांड्यांशी येऊन वाकला. मोजे आपटले. "आन."

मॅट मुरमावर अंथरून कडेनं लोखंडी खिळे ठोकलेले असत. त्यातला एक कधीतरी वर आला होता. चेंडू नेमका त्याच्यावर पडला. खेळाडूच्या कमरेजवळून तो तिरका वर उसळला. चिंधूचे हात ज्या जागी चेंडू यायला हवा होता त्याच जागी होते. चेंडू त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला.

तो ओरडला नाही. मोजे घातलेले हात तोंडावर धरून तो गुडघ्यांवर बसला, आणि मोज्यांमधून रक्त यायला लागलं. कॅम्पच्या लोकांनी आपला ट्रक काढला. कोंडाबाई बाजारातून धावत आली तोवर ट्रक पुण्याच्या रस्त्याला लागला होता. नसीर मागच्या फळीवर चिंधूचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. भुकूमच्या पुढं रस्ता फार खराब होता. प्रत्येक खड्ड्याला चिंधूच्या तोंडून बारीक आवाज निघे, आणि नसीर दर वेळी म्हणे, "आलं, आलं, जवळ आलं."

डोळा वाचला नाही. डॉक्टरांनी तो काढला.

चिंधू वाडीवर परत आला तेव्हा नसीर रोज डोंगर चढून त्याच्याकडं जायचा. बसायचा, उठायचा, बोलायचं काही सुचायचं नाही. चिंधूच त्याला हसवायला बघायचा. एका डोळ्यानं भाकरीवरची माशी दिसत नाही, मग ती खाल्ली जाते, असं काहीबाही. कोंडाबाई पाणी आणून द्यायची. तिनं एकदाही नसीरला शब्दानं दुखावलं नाही. त्यानं त्याला आणखी अवघडल्यासारखं व्हायचं.

होळी झाली. हैबतराव नसीरला घेऊन खडकीला गेले.

तिथलं मैदान हिरवं होतं, जाळी बांधलेली होती. दांड्यांमागं एक गोरा, चष्मेवाला कीपर उभा होता. कारखान्याचे तीन-चार साहेब खुर्च्या टाकून बसले होते. नसीर धावला. शेवटचं पाऊल पडलं, हात वर गेला, आणि तो वर असतानाच, डोळ्याची पापणी लवावी इतक्याशा वेळात, त्याला दोन मोजे आणि त्यांच्यामधलं रक्त दिसलं. बोटं उघडली नाहीत. उघडली तेव्हा उशीर झाला होता. चेंडू त्याच्या स्वतःच्या पायाशी आपटला.

साहेबांपैकी एक जण म्हणाला, "हरकत नाही. शांतपणे टाक."

दुसरा चेंडू कीपरच्या डोक्यावरून जाळीत गेला. तिसऱ्याला बोटं घट्ट झाली ती सुटलीच नाहीत. हात खाली आला तेव्हा चेंडू हातातच होता. खेळाडू ब्याट टेकवून वाट बघत राहिला. नसीरनं हाताकडं पाहिलं. तो आपला नाही असं त्याला वाटलं. जोर होता, खांदा दुखत नव्हता, बोटं हलत होती. फक्त ज्या क्षणी सोडायचं त्या क्षणी कुणीतरी आतून मूठ आवळत होतं.

साहेब भले होते. त्यांनी चहा पाजला, उद्या पुन्हा ये म्हणाले. दुसऱ्या दिवशी अधिक वाईट झालं, कारण आता काल काय झालं तेही डोक्यात होतं. परतीच्या एसटीत हैबतराव खिडकीबाहेर बघत बसले होते. तसंच बघत म्हणाले, "नसीर, होतं असं. महिन्याभरात जाईल."

महिना गेला, पावसाळा गेला, ते गेलं नाही.

गावानं जे जे सुचेल ते केलं. बद्रुन्निसानं ताईत बांधला, दर्ग्यावर चादर घातली. कोंडाबाईनं स्वतः पेठेत येऊन नसीरची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. तिच्या मुलाचा डोळा गेला होता आणि ती दुसऱ्याच्या मुलावरून मीठ ओवाळत होती. बद्रुन्निसा पदर तोंडाला लावून भिंतीकडं वळली. कुणी म्हणालं खांद्याला तेल चोळ, कुणी म्हणालं डावा हात वापर. टिंगल करणारेही होते. नसीर धावायला लागला की ते डोक्यावर हात घेऊन खाली बसायचे. हैबतरावांनी दोन सामन्यांत त्याला खेळवलं आणि मग स्वतःच नाव घालायचं सोडून दिलं. त्यांनी न सांगताच ते सोडलं, म्हणजे नसीरवर आपण होऊन नाही म्हणायची पाळी येऊ नये.

यात एक गोष्ट नसीरनं कुणाला सांगितली नव्हती. माळावर कुणी नसलं की त्याला चेंडू टाकता येत होता. पहाटे उजाडता उजाडता तो जायचा, एकच काठी रोवायचा आणि धावत यायचा. चेंडू पूर्वीसारखाच सुटायचा, पूर्वीसारखाच काठी उडवायचा. मूठ उघडायची. फक्त समोर माणूस नको होता. ज्याला लागेल असं कुणीही नको होतं.

एका सकाळी चिंधू लवकर खाली उतरला होता. त्यानं लांबून पाहिलं. करंजाच्या झाडामागं उभा राहून तो बराच वेळ बघत राहिला, आणि त्याला इतका आनंद झाला की तो तसाच धावत माळावर आला.

"नश्या, गेलं की सगळं. मगासधरनं बगतोय मी."

नसीर दचकला. चिंधू काठीच्या मागं जाऊन उभा राहिला. मोजे नव्हते. त्यानं उघडे तळहात एकमेकांवर आपटले. उरलेला एक डोळा बारीक केला, मान थोडी डावीकडं वळवली, कारण आता त्याला तसंच बघावं लागे.

"आन," तो म्हणाला.

नसीर तिथंच उभा राहिला.

"आन की."

"बाजूला हो, चिंध्या."

"मी झेलतो. हळू टाक पायजे तर."

"बाजूला हो म्हनतोय ना."

"अरं, माजा डोळा गेला तर गेला. मी इसरलो. तू का धरून बसलायस? डोळा माजा गेला अन् आंदळा तू झालास व्हय?"

नसीर धावला. निदान त्याच्यासाठी तरी धावलं पाहिजे म्हणून धावला. शेवटचं पाऊल पडलं आणि पाय जागच्या जागी थांबले. पूर्वी ज्या शब्दानं त्याचं डोकं रिकामं व्हायचं, त्याच शब्दानं ते आता भरून आलं होतं. चेंडू हातातून गळून पडला. तो खाली बसला आणि म्हणाला, "तू हितं नको येत जाऊस. तू आलास की मला जमत न्हाई."

त्याला म्हणायचं होतं की माणूस समोर आला की जमत नाही. तोंडून निघालं ते असं.  चिंधूनं चेंडू उचलला, बसलेल्या नसीरच्या शेजारी मातीत ठेवला आणि वाडीच्या वाटेला लागला.

तिथून दोघांचं तुटलं. भांडण असं काही झालं नाही. नसीरनं पहाटे माळावर जाणंही सोडलं आणि वाडीवर जाणंही सोडलं. बाजारात चिंधू समोरून येताना दिसला की तो मशिदीच्या बोळात शिरे. चिंधू शिकेकाई घेऊन दुकानात आला तर नसीर तराजूच्या काट्याकडं बघत माल तोले आणि वर मान करत नसे. साठ साली नसीरचं लग्न झालं, चाकणच्या फहमिदाशी. चिंधू आला होता. मांडवात शेवटच्या ओळीत बसला, जेवला आणि नवऱ्याला न भेटता गेला. नसीरनं त्याला पाहिलं होतं.

फहमिदा हुशार होती. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिच्या लक्षात आलं की हा माणूस काहीच फेकत नाही. किल्ली माळ्यावरून खाली टाक म्हटलं तर शिडी उतरून हातात आणून देतो. कुत्र्याला दगड मारत नाही, नुसतं हाड हाड करतो. लिंबू माग, कांदा माग, समोर येऊन ठेवतो. तिनं एकदा विचारलं तेव्हा बद्रुन्निसानं तिला आत नेऊन सगळं सांगितलं. बासष्टमध्ये हाफीजचाचा वारले. कबरस्तानात जो तो ओंजळीनं माती टाकत होता. नसीर गुडघ्यांवर बसला, वाकला आणि बापाच्या कबरीत माती ठेवली. ती टाकली नाही.

बापामागं दुकान त्याच्याकडं आलं. पेटी डोक्यावर घेऊन तो कॅम्पवर, कासार आंबोलीला, उरवड्याला फिरे. चिंधूच्या वाडीची फेरी तेवढी त्यानं टाळली होती. तिथल्या बायका मग खाली येऊन माल नेत.

त्रेसष्टच्या दिवाळीनंतर, भात कापणीच्या दिवसांत, कोंडाबाई दुकानापुढं येऊन उभी राहिली. डोक्यावर बोजा नव्हता.

"नसीर, चिंधूला पुन्याला सरकारी दवाखान्यात टाकलाय."

"काय झालं?"

"पाय कापला इळ्यानं. बांधावर ठेवला व्हता कुनीतरी, त्याच्यावर पाय पडला. हळद भरली, बरं वाटलं. आट दिसांनी जबडा धरला. तोंड उगडत न्हाई." तिनं कपाटाला हात टेकला. "तोंड चालत व्हतं तवर तुजं नाव काडत व्हता. म्हनला, त्याला सांग, येऊन जा."

नसीर उठला. कपाट लावायचं काम फहमिदावर सोडून तो कोंडाबाईबरोबर एसटीच्या थांब्यावर गेला. गाडीत तिच्या शेजारी बसवेना, म्हणून तो उभाच राहिला. कुठला पाय, हे विचारायचं त्याला धाडस नव्हतं, आणि विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं. भूगाव मागं पडल्यावर त्यानं विचारलं.

"डावा," कोंडाबाई म्हणाली. मग त्याच्या तोंडाकडं पाहून तिनं त्याला बाहीला धरून खाली बसवलं. "काय मनात आनू नगस. दोन डोळ्यांची मानसंबी पाय कापून घेत्यात."

धनुर्वाताच्या रोग्याला तेव्हा वेगळ्या खोलीत ठेवत. खिडक्यांना काळं कापड लावलेलं होतं, भर दुपारी आत संध्याकाळसारखं वाटत होतं. नर्सनं दारातच बजावलं. उजेड चालत नाही, आवाज चालत नाही, अंगाला हात लावायचा नाही, जरा धक्का लागला तरी झटका येतो. बसायचं असेल तर गप्प बसा.

नसीर आत जाऊन स्टुलावर बसला. चिंधू पाठीवर पडला होता, पाठ पलंगाला टेकत नव्हती. ओठ मागं ओढले जाऊन दात दिसत होते, आणि तोंड हसल्यासारखं झालं होतं. नसीरला क्षणभर खरंच तसं वाटलं. मग कळलं की हे हसणं नाही. एक डोळा उघडा होता. तो हळूच वळला आणि नसीरवर येऊन थांबला.

इतक्या वर्षांचं बोलायचं नसीरजवळ साठलं होतं. त्या दिवशी माळावर जे बोललो ते तसं बोलायचं नव्हतं, एवढं तरी सांगायचं होतं. त्यानं ओठ उघडले, आणि दारातून नर्सनं मान हलवली. त्यानं ओठ मिटले. हात पुढं करायचा होता, तोही मांडीखाली दाबून ठेवला. दोघं एकमेकांकडं बघत बसले. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी येऊन चिंधूच्या कानाकडं गेलं, आणि ते पुसायचीही नसीरला परवानगी नव्हती.

बाहेर कुणाच्या तरी हातून ॲल्युमिनियमचं भांडं पडलं. चिंधूचं सगळं शरीर धनुष्यासारखं ताणलं गेलं, टाचा आणि डोकं एवढंच पलंगाला टेकलेलं. नसीर उभा राहिला तशी नर्सनं धावत येऊन त्याला बाहेर काढलं. त्यानंतर त्याला आत सोडलं नाही. तो आणि कोंडाबाई जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी चिंधू गेला.

पौडला नदीकाठी त्याला अग्नी दिला. तिरडीला नसीरनं खांदा दिला. तो वाडीपासून नदीपर्यंत बदलू दिला नाही. कुणी पुढं आलं तर तो मान हलवायचा. वाडीतल्या कुणीही त्याला अडवलं नाही.

चौदावा झाल्यावर नसीर पुन्हा डोंगर चढायला लागला. वैशाखात कोंडाबाईचं छप्पर शाकारून द्यायचा, पावसाआधी सरपण फोडून ठेवायचा. ती त्याला भाकरी वाढायची. चिंधूचा विषय दोघंही काढत नसत. एकदा मात्र तिनं विचारलं, "त्यानं डोळं भरून बघितलं का रं तुला?"

"बघितलं," नसीर म्हणाला.

"मग झालं."

नसीरचं मात्र तेवढ्यानं झालं नव्हतं. आपण उशिरा आलो, आणि आलो तेव्हा बोलता आलं नाही, हे त्याच्या मनातून जात नव्हतं. फहमिदानं त्याला समजावलं, मौलवीसाहेबांनी समजावलं. तो सगळ्यांचं ऐकून घ्यायचा, होय म्हणायचा आणि पेटी उचलून फेरीला निघायचा.

सदुसष्टच्या हिवाळ्यात कॅम्पचा संघ पौडला आला होता. हैबतरावांची बदली होऊन वर्षं झाली होती, संघ नव्या पोरांचा होता. त्यांचा एक गडी तापानं अंथरुणाला लागला. नसीर माळाच्या कडेनं उरवड्याहून परत येत होता. एका पोरानं त्याला गाठलं. "आतारचाचा, नुसतं उभं ऱ्हायचं. बॉलिंग न्हाई, काय न्हाई. माणूस कमी पडतोय." नसीरनं पेटी झाडाखाली ठेवली आणि लांब कडेला, जिकडं सहसा चेंडू येत नाही तिकडं जाऊन उभा राहिला.

तरी एक चेंडू आलाच. त्यानं तो नीट अडवला, उचलला. समोर लांब दांड्यांशी कीपर हात उंचावून ओरडत होता, टाका, टाका. कॅम्पचे दोघं खेळाडू पळत होते. नसीरनं चेंडू उजव्या हातात घेतला, डावा हात त्याच्यावर ठेवला आणि चालायला लागला. माळ सगळा चालत तो दांड्यांकडं निघाला. खेळाडू पळत राहिले, एक धाव, दोन, तीन. कडेला बसलेली पोरं हसायला लागली, कुणी शिट्टी मारली. गर्दीतल्या जुन्या माणसांपैकी कुणीतरी त्यांना गप्प बसा म्हणालं. का ते पोरांना कळलं नाही, पण ती गप्प बसली. पळणाऱ्यांपैकी एक जण कॅम्पचा जुना मनुष्य होता. तो मधेच थांबला, ब्याट जमिनीला टेकवून उभा राहिला, आणि दुसऱ्यालाही त्यानं हातानं थांबवलं.

नसीर कीपरपाशी पोचला. चेंडू त्याच्या मोज्यांत ठेवला, तो नीट बसला का ते पाहिलं आणि आल्या वाटेनं परत जाऊन आपल्या जागी उभा राहिला.

पौड त्या दिवशी हरलं. संध्याकाळी फहमिदाच्या कानावर सगळं आलं होतं. तिनं पाणी दिलं आणि विचारलं, "चालत का गेलात? निदान पळायचं तरी."

"गुडघा दुखत होता," नसीर म्हणाला.  त्यानं पेटी उघडली, वाटेत सांडलेलं कुंकू फडक्यानं टिपून घेतलं आणि उद्याच्या फेरीचा माल भरायला बसला.